बाबा गेले, म्हणजे कुठे

आई,

तुझं आपलं तेच, त्या शहरात जाऊ नकोस, तिथं नुसती उधळपट्टी. अगं, दोन वर्षं ओतकामाच्या भट्टीपुढं भाजून निघाल्यावर माणसानं चार दिवस कार्निव्हल बघू नये? मला वाटायचं, तुझा जीव पैशात अडकलाय.

उभं कुठं राहायचं ते ठरवायला खोलीतला वेल्डर काल मोबाइलवर गेल्या वर्षीची मिरवणूक दाखवत होता. मध्येच म्हणाला, "हा ढोलवाला बघ, तूच म्हातारा झालेला." माझेच सुपासारखे कान, आणि कपाटातल्या बाबांच्या फोटोतली तुटकी भुवई.

आत्याला फोन लावला. "घर सोडून गेला रे तो. मेला असं कोण म्हणालं तुला?"

कोणीच नाही. तू नुसतं "बाबा गेले" म्हणायचीस. मी एवढासा होतो, त्यांना मेलेलंच धरलं. तसंच जगाला सांगत फिरलो, आणि तू ऐकून घेतलंस. आज लोखंडाचा रस साच्याबाहेरच ओतला, तेव्हा मुकादमानं भट्टीवरून खोलीवर धाडलं.

मी जाणार आहे. पण एकटा त्यांच्यापुढं उभा राहिलो तर तोंडातून शब्द फुटायचा नाही. तू चल.

तुझा धाकटा

ता. क. हे पत्र टाकायचा धीर होत नाही, नुसते पैसेच पाठवतोय. जास्तीचे पैसे कशाचे, ते तू फोनवर विचारशीलच. नेहमीचे तीन हजार, आणि तुझ्या तिकिटाचे बाराशे.