नाक्यावर अडवलेलं वऱ्हाड

नाना, आज सकाळपासून माझं कशात म्हणून लक्ष नाही. दूध उतू गेलं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, आणि आता जेवणं उरकून वही घेऊन बसले, तर दोनदा उठून दाराची कडी बघून आले. भर दुपारी जळगावच्या या उन्हात कोण येणार आहे? यायचा तो सकाळीच येऊन गेला. तुमचा शिपाई, नाक्यावरचा. धाकट्या लेकीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला होता. आता काठी लागते त्याला, जिना चढताना तीनदा थांबला. म्हणून एकदाचं लिहून टाकते, मध्ये टोकू नका. ज्या माणसाशी तुम्ही मरेपर्यंत बोलला नाहीत, ज्याला वाहतूक शाखेतून काढायला लावलंत, त्यानं तुमचा शब्द मोडला नव्हता. वऱ्हाडाचा तो ट्रक मी सोडायला लावला. तुमचं नाव सांगून.

धुळ्याच्या पोलीस लाईनीतलं आपलं स्वयंपाकघर आठवतं? एवढंसं. आई भाकरी थापतेय आणि तुम्ही पाटावर बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कात्रीनं पेपर कापताय. अपघाताची बातमी दिसली की कापायची, खळीनं वहीत चिकटवायची, आणि शुक्रवारची परेड संपली की मैदानातल्या लिंबाखाली शिपायांना बसवून वाचून दाखवायची. कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे? कुणीच नाही. साहेबलोक 'हवालदारांचं कीर्तन' म्हणून हसायचे. मग नवा मोटार कायदा आला, ऑफिसातून त्याची इंग्रजी प्रत आली, आणि तुमचं इंग्रजी तर सहीपुढे कधी गेलंच नव्हतं. झालं, कॉलेजात जाणारी मुलगी कामाला लागली. मी डिक्शनरी घेऊन तुमच्यासमोर बसायची. एकदा मी लिहिलं, 'मालवाहू वाहनातून प्रवाशांची वाहतूक निषिद्ध आहे.' तुम्ही वही माझ्याकडे सरकवलीत. "निषिद्ध म्हणजे काय गं? सोवळं आहे का ते? ट्रकमध्ये माणसं भरायची नाहीत, असं लिही. माझ्या पोरांना रस्त्यात उभं राहून कळलं पाहिजे." असा राग आला होता मला! पण पुढे तीस वर्षं शाळेत शिकवलं ते त्या एका बोलण्याच्या जिवावर.

त्या पोरांत आज आलेला हा सगळ्यात पुढे बसायचा. शिरपूरच्या वरचा, सातपुड्याच्या पायथ्याचा, भरती होऊन दोन वर्षं झालेली. तुम्ही त्याला आपल्या कपाटाच्या आरशापुढे उभं करून हात कसा दाखवायचा ते शिकवलंत. "हात असा ढिला नको, ड्रायव्हरला वाटलं पाहिजे की या हाताला हाड आहे." आई त्याला ताटावर बसवायची आणि तो लाजून एकच भाकरी खायचा. तुम्हाला मुलगा नव्हता, ते तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, पण तो आला की तुमचा आवाज बदलायचा. मला दिसत होतं ते. थोडं टोचायचंही, आता लपवून काय करायचं.

तुमच्या वहीतलं एक पान दरवर्षी लग्नसराईत पुन्हा वाचलं जायचं. आपल्याकडे रीतच होती की वऱ्हाड अडवायचं नाही. ट्रकला आंब्याचे डहाळे बांधलेले दिसले, आतून बायकांची गाणी ऐकू आली, की नाक्यावरचा शिपाई तोंड फिरवायचा. शुभकार्यात आडवं कोण जाणार? पूर्वी तुम्हीही तोंड फिरवत होतात. मग घाटात उलटलेल्या एका वऱ्हाडाच्या ट्रकचा पंचनामा तुमच्या वाट्याला आला. रस्त्यावर पडलेले जिन्नस लिहिता लिहिता तुम्हाला नवरीसाठी नेत असलेला हिरवा चुडा सापडला. पुठ्ठ्याच्या खोक्यात होता, एक बांगडी फुटली नव्हती. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत, आणि पुढे दरवर्षी त्या खोक्याचं पोरांना सांगत राहिलात. सांगताना मात्र आवाज एकदम कोरडा असायचा.

म्हणून माझ्या साखरपुड्यात तुम्ही एकच अट घातलीत. मानपान राहिला बाजूला, देणंघेणं राहिलं बाजूला. "वऱ्हाड ट्रकनं आणायचं नाही." दोंडाईच्याची मंडळी पोट धरून हसली. सासऱ्यांनी शब्द दिला, स्पेशल एसटी करू. मी मात्र हसले नव्हते. अहो, माझं आधीचं एक स्थळ तुमच्या पावतीबुकानं घालवलं होतं! मुलाच्या काकांचा टेंपो तुम्ही पकडलात, आणि आठ दिवसांत निरोप आला की पत्रिका जुळत नाही. लाईनीतल्या बायका मला बघून कुजबुजायच्या. दुसऱ्यांदा तसं झालं असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे. हे स्थळ मला हवं होतं, नाना. मनापासून हवं होतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी कधी सांगितलं नाही.

लग्नाच्या दिवशीचं तर मला अजून समोर दिसतं. बाराच्या आतला मुहूर्त. साडेदहा वाजून गेलेत, मांडवात वाजंत्री नुसतीच पिपाणी फुंकून बघताहेत, वऱ्हाडाचा पत्ता नाही. तुम्ही सोवळं नेसून भटजींसमोर पूजेला बसलाय. मी पिवळ्या साडीत, हळदीच्या हातांनी, स्वयंपाकघरात उभी. तेवढ्यात मागच्या दाराशी सायकल आपटल्याचा आवाज आला. हा, युनिफॉर्ममध्ये, घामानं निथळतोय. एरवी माझ्याशी ऑफिसातलं मराठी बोलणारा माणूस, घाबरला की त्याची अहिराणी बाहेर पडायची. "ताई, नाना कोठे शेतस? बठ्ठं वऱ्हाड ट्रकमा शे." देवपूरच्या पुढच्या नाक्यावर त्यानं हात केला होता, ट्रक थांबला होता, आणि मग त्याला नवरदेव दिसला. एसटीनं ऐन वेळी गाडी दिली नव्हती म्हणे. माझ्या चुलतसासऱ्यांनी आपला मिरचीचा ट्रक काढला. आता ते नाक्यावर उतरून ओरडत होते, की असला व्याही नको, ट्रक माघारी फिरवा.

"नानांना विचारून या, काय करू," तो म्हणाला.

मी आत गेले. तुमच्यापासून चार हातांवर उभी राहिले. तुम्ही डोळे मिटून पळीनं पाणी सोडत होतात. मला माहीत होतं तुम्ही काय म्हणाला असतात. "उतरवा सगळ्यांना. रिक्षांनी आणा, टांग्यांनी आणा, चालत आणा. मुहूर्त गेला तर गेला." आणि ते गेले असते, नाना, माघारी गेले असते. मी तोंड उघडलं नाही. तशीच परत फिरले आणि त्याला म्हटलं, "नाना म्हणाले, सोडा."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "खरंच?" म्हटलं, "मग काय खोटं? जा लवकर." तो गेला.

ट्रक आला. फाळका पाडून माणसं उतरली, म्हाताऱ्यांना दोघादोघांनी उचलून खाली घेतलं. कुणाला काही झालं नाही. मिरचीचा खकाणा नाकातोंडात गेलेला, सगळं वऱ्हाड मंगलाष्टकं होईपर्यंत शिंकत होतं, नवरदेव धरून. लोक हसून लोटपोट झाले. मीही अंतरपाटाआड हसू दाबत होते. मग अंतरपाट दूर झाला आणि तुमचा चेहरा दिसला. तुम्ही ट्रककडे बघत होतात.

पुढचं मला दिवाळीला कळलं, पहिल्या दिवाळसणाला आले तेव्हा. मी तव्यावर मिरच्या भाजत होते, तुम्ही पाटावर, आणि समोर वही नाही. मी विचारलं, तर म्हणालात, "कुणाला वाचून दाखवू? पहिल्याच शुक्रवारी मागून कुणी तरी म्हणालं, साहेब, वऱ्हाडाचं पान वाचा ना. सगळ्यांसमोर त्या नाक्यावरच्याला उभं केलं, विचारलं, कुणाला विचारून सोडलास? तर मान खाली. एक शब्द नाही. उत्तर दिलं असतं, खोटं बोलला असता, तरी मी ऐकून घेतलं असतं." त्याच्या चुकीचा कसुरी अहवाल तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून वर पाठवलात. त्याची बदली झाली, कुठल्याशा आडगावच्या चौकीवर, जिथे दिवसातून दोन गाड्या जायच्या. तो एकदा घरी आला होता, आई म्हणाली, तर तुम्ही दार लावून घेतलंत. हा तुमचा हट्ट, नाना! चारचौघांत विचारलंत, एकट्याला का नाही विचारलंत? मी हे म्हणतेय खरी, पण त्या क्षणी मी तुमच्यापासून दोन हातांवर होते. मिरच्या जळल्या, सगळ्यांना ठसका लागला, आणि बोलणं तिथेच राहिलं. मी राहू दिलं. त्यानंतर पाच दिवाळ्या तुमच्या ताटात मी वाढलं, आणि प्रत्येक वेळी म्हटलं, उद्या सांगू.

तुमची अंत्ययात्रा निघाली तेव्हा चौकात तो उभा होता. त्याची ड्युटी नव्हती, त्याची शाखाही नव्हती. तुम्ही शिकवलेला हात दाखवून त्यानं दोन्ही बाजूंची वाहनं थांबवली, सगळी माणसं पुढे जाईपर्यंत. आईनं मला कोपरानं ढोसून दाखवलं. मी पदर डोळ्यांना लावला, म्हणजे त्याच्याकडे बघावं लागणार नाही.

आणि आज सकाळी तो माझ्या खुर्चीत बसलेला. कुंकू लावून पत्रिका दिली, पाणी प्यायला, म्हणाला, वऱ्हाड लक्झरीनं येतंय बरं का, ताई. हसला. मग काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाला, "एक बोलू? नानांवर माझा राग नाही. लेकीचं लग्न, बापाचा जीव. सोडा म्हणून गेले असतील. मग चारचौघांत कबूल कसं करणार? इतकी वर्षं पोरांना वाचून दाखवलेलं. म्हटलं, माझी बदली झाली तर होऊ दे, साहेबांचं नाव नको जायला. म्हणून गप्प राहिलो."

ऐकताय ना? तुम्हाला वाटलं त्यानं तुमचा शब्द मोडला. त्याला वाटलं, तुम्ही आपला शब्द मोडलात आणि त्याच्या डोक्यावर खापर फोडलंत. आणि तरी त्यानं तुम्हाला माफ करून टाकलंय, न केलेल्या गोष्टीबद्दल. तीसेक वर्षं तो माणूस तुम्हाला भित्रा समजून तुमच्यावर माया करतोय. मला तिथल्या तिथे उभं राहून ओरडावंसं वाटलं, की नाना तसे नव्हते हो, नाना कधीच तसे नव्हते!

तो म्हणाला, "एवढंच विचारायचं होतं. सोडा म्हणताना त्यांना वाईट वाटलं का?"

मी म्हटलं, "खूप. डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाले, त्याला सांग, माझा नाइलाज आहे."

त्याचे डोळे भरून आले. चहा घेतला, अजून अर्धा कप मागून घेतला, आणि रविवारी नक्की या म्हणून गेला. मी जाईन. सांगेन असं म्हणत नाही, माझा मलाच भरवसा राहिलेला नाही. हे पान कुठे पाठवायचं नाही, तुम्हाला तर पत्ताच नाही, आणि ज्याला पत्ता आहे त्याच्या हातात द्यायची माझी छाती नाही. चार वाजायला आले. पुन्हा एकदा कडी बघून यावीशी वाटतेय. आणि खरं सांगू, नाना? तो समाधानानं जिना उतरून गेला ना, तेव्हा घटकाभर मलाही फार हलकं वाटलं होतं.