म्हातारा का धावला?

चि. भाऊजींस वहिनीचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे हयात आहेत. त्याला खुशाली म्हणत असाल तर खुशाल आहोत. तुमचा खोकला कसा आहे? (खोकला नसेल तरी उत्तर द्या. बाबांकडून वाटा घेऊन गेलात, त्यानंतर दोन ओळींची चिठ्ठी नाही तुमची.)

इथे जे घडलं ते माझ्या नोकरीमुळे, असं मी म्हणते. तुमचे दादा म्हणतात, माझ्या आगाऊपणामुळे. आमच्या कचेरीत बायबलातल्या शुभवर्तमानाचं साध्या बोलीत भाषांतर चाललंय, हे ठाऊक आहेच तुम्हाला. माझ्याकडे आली ती दोन मुलांच्या बापाची गोष्ट. धाकटा म्हणतो, बाबा, माझा वाटा द्या. आजच्या माणसाला वाटेल, त्यात काय, हक्कच आहे! पण त्या काळी बाप जिवंत असताना वाटा मागणं म्हणजे ‘तुम्ही मेलात तरी चालेल’ असं तोंडावर सांगणं. मी ते वाक्यातच घातलं. संपादकसाहेब कडाडले, पदरचं एक अक्षर घालायचं नाही. ही गोष्ट कधीच न ऐकलेल्या माणसाला वाचून दाखवा, न सांगता कळलं तर तुमचं हे जोडलेलं शेपूट छाटा. आता असा माणूस आणू कुठून? घरात होते फक्त बाबा. (नाही, मुद्दाम नाही. शपथ घ्यायला लावू नका.)

खाली सुतारकामाच्या शेडमध्ये ते दार तासत होते. ‘माझा वाटा द्या’ वाचलं आणि रंधा थांबला. पळावं तर नियम आडवा: काय कळलं, हे विचारायलाच लागतं. बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, “पोरगं म्हणालं, म्हातारा मेला.” शेपूट तिथल्या तिथे छाटलं, भाऊजी. पण उतारा पुरा करणं भाग होतं. पोरगा कफल्लक होऊन परततो, बाप लांबूनच त्याला बघतो आणि धावत सुटतो. त्या काळी मानाचे म्हातारे भर रस्त्यात धावत नसत. अंगरखा वर धरून, पोटऱ्या उघड्या टाकून धावणं म्हणजे चारचौघांत हसं. लोक पोराला हसण्याआधी बापानं ते हसू स्वतःवर ओढून घेतलं. एवढं सगळं न सांगता कळतं का बघावं, म्हणून विचारलं, म्हातारा का धावला? बाबा दार तसंच टाकून निघून गेले.

मग बाबांचं जेवण नाही, बोलणं नाही. ताटात चमचा वाजला तरी आम्ही दचकायचो. दादा माझ्यावर डाफरले, आणि वर विचारतात, गोष्टीतल्या त्या घरीच राबलेल्या थोरल्याचं काय चुकलं होतं? (तो भाग पुढच्या आठवड्यात, असं सांगून मी सुटले.) खरं सांगते, फार भ्यायले होते मी. आज सकाळी बाबा आपणहून स्वयंपाकघरात आले. म्हणाले, “किती लांब धावला तो?” म्हटलं, लिहिलेलं नाही. “लिहायला हवं होतं,” म्हणाले आणि चहा मागितला.

असो. पत्र निव्वळ कचेरीच्या कामाचं आहे, भलता अर्थ काढू नका. जेवत जा वेळेवर.

तुमची वहिनी

ता. क. हे पत्र लिहिलंय, हे बाबांना ठाऊक नाही.

आणखी एक ता. क. बाबा मघापासून मागे उभे राहून वाचत होते. म्हणतात, असं लिही: “मला धावता येणार नाही, गुडघे गेलेत. गाडी थेट दारापर्यंत आण म्हणावं.”