उजेड योजना आणि माझी खुर्ची

२६ मार्च
खांबामागची जागा मला खायला उठते. दिवसभर ट्यूबलाइट, सुटल्यावर रस्त्यावरचे दिवे. जीव गुदमरतो. अकाउंट्सच्या काकू या आठवड्यात रिटायर. त्यांची खुर्ची खिडकीशी. सरळ मागितली तर चष्मेवाला आडवा येणार, तो मला सीनियर. म्हणून डोकं चालवलं. योजना लिहिली: खिडकीच्या रांगेतले दिवे काढायचे, सूर्याच्या उजेडात काम करायचं, वीज वाचवायची. स्वार्थ शून्य. प्रयोगासाठी तिथे कुणीतरी बसावं लागेल, एवढंच.

२ एप्रिल
साहेब खूश. महिनाभर प्रयोग, मी इन-चार्ज. खुर्ची मिळाली. बायकोला लगेच फोन केला. ती म्हणाली, बरं झालं, आता तरी घरी आल्यावर चिडचिड करू नका.

३ एप्रिल, सकाळी
ऊन थेट स्क्रीनवर. आकडे दिसत नाहीत, स्वतःचंच तोंड दिसतं. सवय होईल.

३ एप्रिल, दुपारी
पडदा अर्धा खाली. आजच्यापुरता.

८ एप्रिल
पडदा पूर्ण खाली. अख्ख्या रांगेचे पडदे खाली. आणि दिवे मीच काढायला लावलेले. लोकांनी घरून टेबल लॅम्प आणले. कडक शब्दांत समज दिली. चष्मेवाला म्हणाला, आधी तुमचा पडदा वर करा. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

१५ एप्रिल
मीही लॅम्प आणला. लहानसा. फायलींच्या मागे ठेवलाय. प्रयोगात धरायचं कारण नाही.

३० एप्रिल
बिल वाढलं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. डगमगलो नाही. म्हणालो, दोष योजनेचा नाही, स्क्रीनचा. स्क्रीनवाल्यांना खिडकी बाधते, उजेड हवा कागदावर काम करणाऱ्यांना. साहेब विचारात पडले. बाजी मारली. बहुतेक बढती.

२ मे
साहेबांनी माझा मुद्दा जसाच्या तसा मान्य केला. चष्मेवाल्याचं सगळं काम रजिस्टरात, म्हणून खिडकीत तो. माझं दिवसभर स्क्रीनवर, म्हणून मला आतली रेकॉर्ड रूम. खांबामागे तरी बसू द्या म्हणालो, तर तिथे आता प्रिंटर. हात दाखवून अवलक्षण. तरी योजना यशस्वी, हे नोंदवून ठेवतो.

१२ जून
रेकॉर्ड रूमला खिडकी नाही. दिवा सेन्सरवर, माणूस हलला नाही की विझतो. जरा विचार करत बसलो की काळोख. मग हात हलवायचे. तुरुंगात निदान दिवा तरी लावून ठेवत असतील.
दुपारी बायकोचा फोन. तिचं काम शहराच्या दुसऱ्या टोकाला, आमचं ऑफिस घरापाशी. गच्चीत कपडे वाळत घातलेत, आभाळ आलंय का तेवढं खिडकीतून बघा म्हणाली. खुर्ची गेल्याचं तिला अजून सांगितलेलं नाही. लख्ख ऊन आहे म्हणालो.
सुटल्यावर बाहेर आलो. रस्त्यावर घोटाभर पाणी. पाऊस सकाळी अकरापासून पडतोय म्हणे.