आबांसाठी पेटी

मिशन शाळेमागची चाळ, धुळे
ता. २७ डिसेंबर १९३५

ती. भाऊ यांस इंदूचा साष्टांग सलाम. वि. वि.

आम्ही दोघे खुशाल आहोत. यांची शाळा नाताळासाठी बंद आहे. तीन वर्षे तुमचा राग निवण्याची वाट पाहिली, आता मीच लिहिते.

लग्नात आबांनी मला पिंजाऱ्याकडून लोकर दाबून बुरणूस करून दिला होता, पांघरायला, आठवतो ना? तो कुरतडला गेला. त्याचा चांगला भाग कापून मी नाताळाच्या झाडासाठी वाद्ये केली. दोन बोटांएवढी असतील. बुरणूस विणलेला नसल्याने कापला तरी त्याचे दोरे सुटत नाहीत. झाड म्हणजे सुरूची फांदी. आपल्या माणसांच्या नावाने एकेक वाद्य तिला टांगायचे, सण झाला की ते ज्याचे त्याला द्यायचे, असे मी ठरवले आहे. तुम्हाला टाळ, वहिनीला घुंगरू, तुमच्या सुंदरला पावा. आबांचा मृदंग वेगळ्या पिशवीत शिवून घातला आहे. त्यांना दिसत नाही, तरी पिशवी त्यांनीच उसवावी. बोटांना सगळे कळते त्यांच्या.

आमच्या ख्रिस्ती देवळातल्या पेटीवर मी आता भजने वाजवते, हे मात्र त्यांना सांगू नका. पेटीवर त्यांचा आधीच दात आहे.

एकदा येऊन त्यांच्यापुढे बसायचे आहे. बोलले नाहीत तरी चालेल. विचारून कळवा. लोभ आहेच, तो मागून वाढवते.

तुमची धाकटी,
इंदू

॥ श्री ॥

निंभोरे, ता. रावेर
ता. १९ जानेवारी १९३६

चि. सौ. इंदूस तोतारामचे अनेक आशीर्वाद.

तुझे पार्सल पोचले. सुंदर दिवसभर तो पावा तोंडाला लावून फुंकत होती. वाजत नाही म्हणून रुसली. कुंदाने घुंगरू पदराला बांधले आणि मला म्हणाली की तुमच्या टाळापेक्षा माझेच बरे, निदान आवाज करून कोणाला उठवत तरी नाही.

तू पत्रात 'सलाम' लिहितेस, तो मी आबांना 'नमस्कार' असा वाचून दाखवतो. उगीच कशाला.

पिशवी त्यांनी स्वतः उसवली. बराच वेळ चाचपत बसले. मला वाटले, आता फेकतात. जेवणे झाल्यावर म्हणाले, "डाव्या अंगाले कनिक कमी लावली पोरीनं. मृदंग बोलाचा नाही असा." रात्री पाहिले तर उशाशी ठेवला होता.

येण्याचे मात्र इतक्यात मनात आणू नकोस. तू बाप्तिस्मा घेतलास त्या दिवशी त्यांनी तुझ्या नावाने अंघोळ केली होती. त्या पेटीने माझी पोर नेली, असे अजून म्हणतात. शिवाय जातीतले लोक डोळे लावून बसलेले. थोडे सबुरीने घे.

आहे तशीच माया राहू दे, ही विनंती.

तुझा भाऊ,
तोताराम

धुळे
ता. २८ डिसेंबर १९३७

ती. भाऊ यांस इंदूचा सलाम, म्हणजे तुमच्याकडचा नमस्कार. वि. वि.

गेल्या वर्षीच्या मृदंगाला मी डावीकडे कणकेच्या जागी पांढरी लोकर दुप्पट लावली होती. तुम्ही लिहिलेत की आबांनी चाचपून 'चांगला आहे' म्हटले. आबा एवढ्यावर थांबले, याचेच मला नवल वाटले. गेल्या दिवाळीला सांजोऱ्या आल्या नाहीत आणि सुंदरच्या सोयरिकीचे मला परक्यांकडून कळले. तुमच्या अडचणी मी समजून घेते. पण दोन वर्षे मी एकच विचारते आहे आणि तुम्ही 'सबुरीने' एवढेच लिहिता.

म्हणून यंदा आबांच्या पिशवीत त्यांचे त्यांनीच ठरवावे असे काही घातले आहे. पिशवी त्यांनीच उसवावी. मग जे म्हणतील, जे करतील, ते जसेच्या तसे लिहा. शिवी दिली तर शिवी लिहा. मला गोड करून नको.

बुरणूस आता हातभर उरला आहे. जिव्हाळा आटू देऊ नका.

इंदू

॥ श्री ॥

निंभोरे
ता. १६ जानेवारी १९३८

चि. सौ. इंदूस अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळाले. सुंदरचे लग्न वैशाखात धरले आहे. मुलाकडचे लोक जुन्या वळणाचे आहेत, तेव्हा यंदा तुझे वाद्य तिने ट्रंकेत ठेवून दिले. वाईट वाटून घेऊ नकोस.

आबांना पिशवी दिली. त्यांनी हाताने चाचपून पाहिले आणि यंदाचा मृदंग सगळ्यांत चांगला जमला म्हणाले. डोळ्यांत पाणी आले होते. हल्ली ऐकू कमी येते, थकलेही आहेत फार. माणूस समोर आले की घाबरतात. तेव्हा येण्याचे लग्नानंतर पाहू.

ममता असू दे.

तोताराम

धुळे
ता. २१ जानेवारी १९३८

ती. भाऊ यांस,

त्या पिशवीत मृदंग नव्हता. पेटी होती. भाता, पट्ट्या, सगळे होते. हे म्हणत होते की असे डिवचू नकोस म्हाताऱ्याला. पण मला वाटले, एकतर ते ती चुलीत घालतील किंवा हसतील, आणि दोन्हींतून मला उत्तर मिळेल. पेटी हातात आल्यावर आबा गप्प बसणार नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

पिशवी कोणी उसवलीच नाही. आबा कुठे आहेत?

इंदू

निंभोरे
ता. २७ जानेवारी १९३८

चि. सौ. इंदूस आशीर्वाद.

आबा गेल्याच्या आधीच्या श्रावणात गेले, तुझा पहिला मृदंग आला त्याच साली. ताप आला आणि तिसऱ्या दिवशी गेले.

तुला कळवले असते तर तू आली असतीस. तू दारात उभी राहिली असतीस तर तिरडीला कोणी खांदा दिला नसता. सुंदरची बोलणी तेव्हाच चालली होती. बापाला एकट्याने उचलून न्यायचे आणि पोरीला घरात बसवून ठेवायचे होते काय, हे तू सांग. तू गेलीस तेव्हा आम्हाला विचारले नव्हतेस. तुझ्या मागे लोकांची तोंडे आम्ही झेलली. नंतर तुझे पार्सल आले, पुन्हा आले. दर वर्षी कोणत्या तोंडाने लिहायचे? दोन्ही पिशव्या माळ्यावर आहेत.

मी तुला फसवले असे तू म्हणशील. मला वाटले, तुझ्यापुरता तरी बाप जिवंत राहतो आहे. कुंदा म्हणते, एक गोष्ट लिहाच, म्हणून लिहितो. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ते शुद्धीवर होते. "इंदीले बलाव," म्हणाले. दोनदा म्हणाले. मी 'हो' म्हटले. पहिला मृदंग मुठीत होता. शेवटची अंघोळ घालताना मी तो काढून घेतला.

लग्न होईपर्यंत कोणाशी बोलू नकोस. लोभ असावा.

तोताराम

धुळे
ता. ४ फेब्रुवारी १९३८

रा. तोताराम यांस,

या पत्राचा कोपरा मी फाडला आहे. तुम्ही घरातले मोठे, तरी असे पत्र कसे लिहितात हे बहुधा विसरलात, म्हणून मी लिहून धाडते. कोपरा फाडतात. वर श्री घालत नाहीत. मजकूर एवढाच असतो:

आमचे तीर्थरूप आबा यांना श्रावणमासी देवाज्ञा झाली. शेवटी त्यांनी लेकीला बोलावले होते. तिला कळवावे.

एवढ्याला तीन पैशांचे कार्ड पुरले असते. मी दारात आले नसते. तुम्ही सांगितले असते तर नदीच्या अलीकडे उभी राहून धूर पाहिला असता आणि परत आले असते.

उरलेल्या बुरणुसाचे मी काही करणार नाही. पांघरायला तो पुरत नाही, पण एक माणूस बसू शकते. काल दिवसभर मी त्यावर बसले. यांनी शाळेतल्या बायकांना सांगितले की इंदूचे वडील वारले. त्या येऊन बसून गेल्या. कधी वारले असे एकीने विचारले, तेव्हा मी 'काल' म्हणाले.

माळ्यावरच्या पिशव्या तशाच राहू द्या, उसवू नका. सुंदरचे लग्न सुखाने होवो. माझ्याकडून कोणाला काही कळणार नाही.

अशा पत्राच्या शेवटी लोभ मागत नाहीत. वाचून झाल्यावर पत्र फाडून टाकतात.

इंदिरा