सतरा नंबरच्या कड्या

रविवार, बारा तारीख, दुपार

प्रिय लंबूदादा,

सप्रेम नमस्कार. वहिनीला त्याहून थोडा जास्त, कारण ती तुला सांभाळते. मी बरी आहे. दाढ काढली, सूज उतरली, दोन दिवस नुसत्या सूपवर काढले. घरमालकीणबाईंनी जिन्यातला दिवा अखेर बदलला, त्यामुळे आता तिसऱ्या पायरीवर ठेचकाळणं बंद झालंय. तुझं कसं चाललंय? बेकरीचा बोर्ड झाला का पुरा? वहिनी म्हणाली, शिडी न लावता वरची ओळ रंगवलीस. साडेसहा फूट उंचीचा एवढा तरी उपयोग व्हायलाच हवा. पण हात वर करून तासन्‌तास उभं राहू नकोस. हे डॉक्टरांनी सांगितलंय, मी नाही.

तू म्हणशील, फोन असताना ठेंगूला पुन्हा पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली. गेल्या अकरा दिवसांत मी तुला तीनदा फोन केला. पहिल्यांदा आपण गळक्या नळावर बोललो, दुसऱ्यांदा तुझ्या मांजरावर, आणि तिसऱ्यांदा तू इतका खुशीत होतास की माझी दातखीळच बसली. दाढ दुखतेय म्हणून वेळ मारून नेली. फोनवर तू मला हसवतोस आणि विषय गुंडाळतोस. पत्राला तुला मध्येच तोडता येणार नाही. तेव्हा जेवण झालं असेल तर बस, आणि शेवटपर्यंत वाच.

आधी प्रयोगशाळेचं सांगते. आजवर तुला जे सांगितलं ते जरा फुशारकीच्या सुरात सांगितलं, म्हणून आता सरळ सांगते.

पाच वर्षांपूर्वी तू आम्हाला एक नळीभर रक्त दिलंस. "माझ्यासारखा दुसरा तयार झाला तर त्याला आधी भांडी घासायला लावा," असं म्हणाला होतास, आठवतंय? दुसरा तू काही तयार झाला नाही. पण त्या रक्तातल्या पेशींना आम्ही आधी अगदी कोवळ्या, काहीही होऊ शकतील अशा अवस्थेत नेलं. मग त्यांच्यापासून हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या भिंतीत असतात तशा पेशी वाढवल्या. तीच वाहिनी, जी बाबांची फाटली आणि तुझी फुगत चाललीय. त्या पेशींच्या आम्ही शर्टाच्या गुंडीएवढ्या कड्या बनवतो. प्रत्येक कडी दोन खुंट्यांवर अडकवून गुलाबी पाण्यात ठेवायची. खुंट्या हृदयाच्या ठोक्यासारख्या मागेपुढे होतात, कडी ताणते, सैल होते, पुन्हा ताणते. चार आठवड्यांनी एकेक कडी ओढून बघायची, किती ताण सोसून ती तुटते ते. प्रत्येक माणसाच्या निम्म्या कड्यांना औषध द्यायचं, निम्म्यांना नाही. औषधवाल्या जास्त टिकल्या तर औषधात काहीतरी दम आहे.

त्या गुलाबी पाण्याला आमच्याकडे सगळे 'खाऊ' म्हणतात. आमच्या प्रमुख, मोठ्या बाईसुद्धा. खाऊ एक दिवसाआड बदलायचा, रविवारी कुणीच नाही, आणि सगळ्या कड्यांना अगदी सारखा. सगळा प्रयोग या सारखेपणावर उभा असतो.

आणखी एक नियम आहे. कड्यांना नावं नसतात, नंबर असतात. कोणता नंबर कुणाचा हे आम्हाला कळता कामा नये. चुकून कळलंच तर बाईंना सांगायचं आणि त्या कड्यांपासून लांब व्हायचं. सतरा नंबरच्या कागदावर फक्त वय आणि उंची लिहिली होती. दादा, तेवढी उंची या शहरात कितीजणांची असेल? मला पहिल्याच दिवशी कळलं. मी बाईंना सांगितलं नाही.

इथपर्यंत लिहून मी उठले, चहा केला, खिडकी पुसली. खिडकी स्वच्छच होती.

मी रविवारी जात होते. बंद प्रयोगशाळेत, एकटी. जायचं, हात धुवायचे, आणि सतरा नंबरच्या औषधवाल्या कड्यांचा खाऊ बदलायचा. औषधाची मात्रा तीच ठेवायची, पण पाणी ताजं. मग मधल्या दिवशीही, कुणाचं लक्ष नसताना. इतर सगळे नंबर एक दिवसाआड जेवत होते आणि तुझ्या निम्म्या कड्या रोज. मला एकदाही वाटलं नाही की मी लबाडी करतेय. शपथेवर सांगते. मला वाटायचं, बिचाऱ्यांनी शिळ्या पाण्यात का म्हणून राहायचं. लहानपणी मला ताप आला की तू रात्रीत दहादा कपाळाला हात लावून बघायचास, त्यातलाच प्रकार. मी त्यांच्याशी बोलायचेसुद्धा. काय बोलायचे ते विचारू नकोस.

पंधरा वर्षं हे काम करतेय. नव्या मुलींना पहिल्या दिवशी मीच शिकवते, की सगळ्यांना सारखं.

चार आठवड्यांनी कड्या ओढल्या. बाकीच्या नंबरांत औषधाने फारसा फरक पडला नव्हता. सतरा नंबरच्या औषधवाल्या कड्या मात्र धडधाकट माणसाच्या कड्यांइतक्या टिकल्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि संध्याकाळी तुला लिहिलं, दादा, औषध तुला लागू पडतंय.

असं पत्र लिहायचं नसतं. निकाल दुसऱ्या हातांनी पडताळल्याशिवाय तर नाहीच नाही. आणि तो खरा ठरला असता तरी बशीतल्या कडीपासून माणसाच्या गोळीपर्यंत पोचायला कितीतरी वर्षं जातात. हे मला पाठ आहे. तरी मी ते पत्रात लिहिलं नाही, कारण त्याने पत्राची मजा गेली असती.

आठवड्याने वहिनीचा फोन आला. "अहो वन्सं, यांनी ऑपरेशनची तारीख रद्द केली. म्हणतात, धाकटीचं औषध येतंय, तर छाती कशाला फाडून घेऊ? सकाळपासून शीळ घालतायत." खरं सांगू? तेव्हाच तुला फोन करून झापायला हवं होतं. पण तू शीळ घालतोयस, आणि माझ्यामुळे घालतोयस, हे मला इतकं आवडलं की मी गप्प बसले.

मग पडताळणी झाली. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो तो, ज्याला आम्ही काटेकोर म्हणतो, त्याने सगळं पहिल्यापासून केलं. सतरा नंबरच्या औषधवाल्या आणि बिनऔषधाच्या कड्या एकाच ताणाला तुटल्या. एकही जास्त टिकली नाही. तो बिचारा माझी माफी मागायला आला, त्याच्याच हातून काही चुकलं असेल म्हणून. तेव्हा मला राहवलं नाही. दाराशी येण्याजाण्याची नोंद होते त्या वहीत माझे रविवार लिहिलेलेच होते. ती वही उचलली आणि बाईंच्या खोलीत गेले.

बाई रागावतील म्हणून मी तयारीने गेले होते. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त कठीण गेलं. सगळं ऐकून म्हणाल्या, "तारखांसकट लिहून काढ. सतरा नंबर आता तुझ्याकडे नाही." मी उठले. दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "तो भाऊ आहे ना तुझा? त्याला काय सांगून बसलीयस?"

याला आज अकरा दिवस झाले.

दादा, औषध लागू पडलेलं नाही. तुझ्या कड्या टिकल्या त्या माझ्या लाडांमुळे. मी सिद्ध केलं काय, तर रोज वेळेवर जेवलं की बरं असतं. तुझ्या छातीतल्या वाहिनीला मी रविवारी येऊन ताजं पाणी घालू शकत नाही. ती साडेपाच सेंटिमीटर झालीय आणि वाढतेय. बाबांची कुणी मोजलीच नाही. तुझी मोजलीय. आपल्याला माहीत आहे, आणि तरी तू माझ्या एका पत्राच्या भरवशावर शिडीविना बोर्ड रंगवत फिरतोयस.

तू घाबरतोस हे मला माहीत आहे. तू ज्या दिवशी जास्त विनोद करतोस त्या दिवशी जास्त घाबरलेला असतोस. माझी तपासणी झाली आणि बाबांकडून तुझ्यात आलेला तो दोष माझ्यात निघाला नाही, तेव्हा मी दोन दिवस तुला फोन केला नव्हता. तोंड दाखवायची लाज वाटत होती. शेवटी तूच केलास आणि म्हणालास, "चला, एक तरी धड निघालं." मी हसले आणि फोन ठेवल्यावर फार रडले. तेव्हापासून तुझ्यासाठी काहीतरी करायचं, करायचं, असं डोक्यात बसलंय. त्या करण्यातच मी तुझं हे करून ठेवलं. मला माफ कर. लगेच नको करूस, पण ऑपरेशनच्या आधी कर.

आता न विचारता केलेली एक गोष्ट. शुक्रवारी मी तुझ्या सर्जनना भेटले. सत्तावीस तारखेची सकाळ त्यांनी तुझ्या नावावर धरून ठेवलीय, पण येत्या शुक्रवारपर्यंतच. हो म्हणायला तुलाच फोन करावा लागेल, बहिणीचं चालत नाही. ते फुगलेला भाग कापून काढतात आणि त्या जागी कापडी नळी शिवतात. मी पंचवीसला येतेय. महिन्याची रजा टाकलीय, बाईंनी सही केली. बाहेर बाकावर वहिनीजवळ मी बसेन. तू शुद्धीवर आलास की मला वाटेल तेवढं बोल, उलट उत्तर देणार नाही.

सोबत एक कागद आहे. कापलेला तुकडा आमच्या प्रयोगशाळेला द्यायचा का, याच्या संमतीचा. देणं न देणं तुझ्या मर्जीवर. दिलास तर त्याला काटेकोर हात लावेल, मी नाही. त्या तुकड्यावर प्रेम करायची मला बंदी आहे, आणि ते बरोबरच आहे. तो तुकडा तुझ्यातून निघाला की माझं काम झालं.

बाबा गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते. आज पस्तीसची आहे. अजून अकरा वर्षांनी मी त्यांच्या वयाची होईन, आणि त्यानंतर त्यांच्याहून मोठी होत जाईन. त्याला आता इलाज नाही. तुझ्या बाबतीत हे गणित मला मांडायचं नाही. शुक्रवारच्या आत फोन कर. मला नको, सर्जनना.

तुझ्याहून दहा वर्षांनी लहान, आणि कायम तेवढीच लहान राहायची इच्छा असलेली,

ठेंगू