कातळाखाली

दरोश छावणी, चित्राळ मुलूख
ता. २ जानेवारी १९२३

आण्णास झिलूचा नमस्कार.

लखूला मी फूस लावून नेलं, हे तू आणखी किती पत्रांत लिहिणार हाईस? त्याला मी खांद्यावर घालून आणला न्हाई. अणशीच्या रानात लाकडं ओढून त्याचाही जीव विटला होता. पलटणीची खेचरं हाकायला माणसं पाहिजेत असं कळलं, तेव्हा माझ्या आधी तोच उठला. रुक्माकाकीला विचार, तिचाच ल्योक. न्हाईतर नको विचारू.

मी बरा हाय. बर्फ गुडघाभर. भात न्हाई, रोट्याच. एका जागी बसवत न्हाई म्हणून उभ्यानं लिहितोय, अक्षर वाकडं हाय ते त्यामुळं.

गेल्या महिन्याच्या सहा तारखेला, तिन्हीसांजेला, इथं भुई हलली. डोंगरातल्या वाटेवर मुक्काम होता, लखू रोट्या भाजत होता. धक्का असा न्हाई, होडीत बसल्यागत नुसतं डुलत राहिलं, किती तरी वेळ. लखू हसून म्हणाला, "झिल्या, आपल्या काळी नदीत उतरलो काय रं?" इथला म्हातारा खेचरवाला म्हणाला, "हे लई खोलातलं हाय. वरचं असतं तर उरलो नसतो. मोकळ्यावर बसा."

मग वरून दगड सुटायला लागले. मी ओरडलो, "लखू, कातळाखाली पळ."

तूच शिकवलेलं, आण्णा. रानात वारं उठलं की झाडाखाली थांबायचं न्हाई, कातळाखाली शिरायचं. आपल्याकडं झाड माणूस मारतं, कातळ राखतो. इथं झाडच न्हाई. लखूनं माझं ऐकलं. मी त्याच्या मागं निघालो, पण खेचराच्या दोरीत पाय गुंतून मोकळ्यावरच आपटलो. कातळ त्याच्यावरच खाली बसला. चार दिवस खणलं आम्ही.

मागच्या पत्रात 'लखू मजेत हाय' लिहिलं, ते खोटं.

तुझ्या शिकवण्यावर ढकलायचं मनात होतं. तसं लिहिलेली दोन पत्रं फाडली. ओरडलो मी.

काकीला तू सांग. पाण्याच्या वाटेवर नको, घरात बसवून सांग. कातळाखाली कुणी धाडलं असं तिनं विचारलं, तर माझं नाव घे. उन्हाळ्यात रजा मिळेल म्हणतात. येऊ का, ते तिनं सांगायचं.

तुझा धाकटा,
झिलू

काकीच्या नावानं मनिऑर्डर केली हाय. माझे पैसे ती घेईल का, विचारून कळव. तोवर फक्त लखूच्या उरलेल्या पगाराचे धाडलेत, सव्वीस रुपये.