मिशीवरचा नेम

खोडाळा,
८ सप्टेंबर

चि. अवंतीस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या नेमबाजीच्या शाळेत मोबाईल काढून घेतात, म्हणून हा पत्राचा उपद्व्याप. माझी शाळा चौथीपर्यंत. काना-मात्रा जिथे कमी पडेल तिथे पदरचा घालून वाच.

तुझ्या आजोबांनी गणपतीत जव्हारला जाऊन घोळ घालून ठेवलाय. तुझ्या आईचे वडील, आपले जव्हारचे आबा, जेवता जेवता म्हणाले की लक्ष्मणरावांना आता ताटातला भातही धड दिसत नाही. ह्यांनी भात कालवायचा सोडून मिशीला पीळ दिला. झालं! दसऱ्याला आबांच्या परसात दोघांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने कागदावर नेम धरायचा, आणि हरेल त्याने मिशी उतरवायची. दोघांची वयं मिळवली तर दीडशे भरतील, अक्कल अजून पाळण्यात.

तू दिलेली दुर्बीण ह्यांनी बंदुकीवर बसवली. संध्याकाळी तासभर खटपट केली की छर्रे बरोबर काळ्या ठिपक्यात. सकाळी तीच जागा, तोच माणूस, आणि छर्रा कुंपणावरच्या शेजारच्या गौराबाईच्या भोपळ्यात. भोपळ्यांचे कान टोचायचा मुहूर्त कुणी काढला, असं ती मला विचारून गेली. हे म्हणतात, दुर्बीणच खोटी. मी काही हयगय करत नाही हो. रात्री गॅस, रेडिओ, सगळी बटणं बंद करून, बंदूक चादरीत गुंडाळूनच आडवी होते.

काय बिघडलंय ते कळव. लग्नापासून ह्यांचा वरचा ओठ मी पाहिलेला नाही, आणि या वयात पाहायची हौसही नाही.

लोभ आहेच, त्याला काय धाड भरलीय. उत्तर तेवढं लवकर धाड.

तुझी आजी,
पुष्पावती


नाशिक,
१३ सप्टेंबर

ती. आजीस अवंतीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मैत्रिणी आजोबांच्या मिशीसाठी नवस बोलल्या आहेत. पण आधी कागद कुंपणावरून काढा आणि मागच्या मातीच्या बांधाला लावा. तिकडे माणूस-जनावर कुणी फिरकत नाही ना, ते बघत जा.

आता दुर्बिणीचं. ती ज्या कड्यांत बसते त्यांचे स्क्रू ढिले असतील, ते सारखे आवळा. छर्रे एकाच डब्यातले वापरा. गाल रोज एकाच जागी टेकवायचा. आणि आजोबा बंदूक नक्की आवळून धरत असणार. अशी बंदूक सुटताना मागेपुढे हलते, तिला हलू द्यायचं. नागलीच्या पोत्यावर हात ठेवून त्यावर ती नुसती टेकवायची.

आबांना मी काहीही शिकवलेलं नाही, देवाशपथ. दोन्ही आजोबा माझेच, पण दुर्बीण एकालाच दिली. आबांनी स्वतःची विकत आणली.

तुझ्या हातचे लाडू आणि तुझी बोलणी, दोन्ही चालू राहू दे.

तुझी,
अवंती


खोडाळा,
१८ सप्टेंबर

चि. अवंतीस आशीर्वाद. वि. वि.

सांगितलंस ते सगळं केलं. ह्यांना स्क्रूड्रायव्हर सापडेपर्यंत मी सुरीच्या टोकाने स्क्रू आवळून मोकळी झाले. बंदूक सैल धरा म्हटलं, तर म्हणे ते बायकी दिसतं. मी म्हटलं, बायकी धरली असती तर भोपळे वाचले असते.

संध्याकाळी पुन्हा सगळे छर्रे ठिपक्यात. हे इतके फुगले की भाकरी वाढून घेतली. सकाळी कागद असा कोरा, की त्यावर लग्नपत्रिका छापावी. आता हे आरशापुढे मिशीवर आडवं बोट धरून उभे राहतात. मी दाराआडून बघितलं. अगं, शेळी बरी! रात्री उठून बसतात, बोलत मात्र नाहीत. हे गप्प बसले की मला घर खायला उठतं, भांडायला कुणी उरत नाही.

माझ्याकडून तरी कसूर नाही. दुर्बिणीची बटणंसुद्धा, एक वरचं, एक उजव्या अंगाचं, रोज आठवणीने पिळून बंद करते. टिकटिक वाजतात, पण होतात बंद.

तुझ्या विद्येवरचा माझा विश्वास पत्रागणिक उतरतोय, तेवढा सावर.

आजी


नाशिक,
२३ सप्टेंबर

ती. आजीस सा. न.

आजी! दुर्बिणीला बटण नसतं! मला वाटलं, तू दिव्यांची बटणं म्हणतेस. त्या नेम सरकवायच्या घुंड्या आहेत. वरची फिरवली की छर्रा वर-खाली सरकतो, उजवीकडची फिरवली की आडवा. आजोबा संध्याकाळभर बसून नेम जुळवतात आणि तू रोज रात्री एका गिरकीत तो पुसून टाकतेस. तो गॅस नाही, गळणार नाही!

आता एकदा जुळला की घुंड्यांवर टोपणं लाव, आणि आजोबांच्या दुर्बिणीला पुन्हा हात लावशील तर तुला माझी शपथ आहे.

हसले म्हणून मला वर्गाबाहेर उभं केलंय, तिथूनच लिहितेय. माया कमी करू नकोस.

अवंती


खोडाळा,
५ ऑक्टोबर

चि. अवंतीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून बंबात घातलं. ह्यांना वाटतं, गाजरं खाऊन नजर सुधारली. वाटू दे.

खंडेनवमीला एसटीने जव्हारला पोचलो. विहीणबाईंनी पूजेला पाटावर दोन्ही बंदुका शेजारी शेजारी मांडल्या, आणि मुलाकडची म्हणून मान मला दिला. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. पण सवय ती सवय. घर कुणाचंही असो, बटण उघडं दिसलं की माझा हात राहत नाही. ह्यांच्या दुर्बिणीला तुझी शपथ होती, तिला मी बोट लावलं नाही. आबांच्या दुर्बिणीला कुणाचीच शपथ नव्हती.

विहीणबाईंनी टिकटिक ऐकली. त्या आरतीच जरा मोठ्याने म्हणायला लागल्या. आबा ताक पितात आणि मिशी विहीणबाईंच्या पदराला पुसतात, हे मला मागाहून कळलं.

दसऱ्याला ह्यांचे छर्रे ठिपक्यात, आबांचा एक कागदाला शिवेल तर शप्पथ. न्हावी घरीच आला. संध्याकाळी आबा आपट्याचं सोनं द्यायला पुढे आले, तर मी पाहुणे समजून पाणी विचारलं. सोललेली काकडी! हे मात्र परतीच्या एसटीत कंडक्टरलासुद्धा मिशीला पीळ देऊन तिकीट मागत होते. काल माझ्याशी भाजीवरून भांडले. बरं वाटलं.

लोभ दोन्ही घरांवर सारखा ठेव, माझ्यावर चिमूटभर जास्त.

तुझी आजी,
पुष्पावती

ता. क. आबांनी पुढच्या दसऱ्याला पुन्हा बोलावलंय, आणि दुर्बिणीत काय बिघडलं ते विचारायला तुला पत्र धाडणार आहेत. नात तू दोघांची, तेव्हा दुजाभाव करू नकोस. स्क्रू आवळा म्हणावं, छर्रे एका डब्यातले घ्या, गाल टेकवा, सगळं सविस्तर कळव. बटणाचं तेवढं लिहायचं राहून जाऊ दे.